शेवाळी डायल

दुकानात तिला सगळे शेडताई म्हणत. हे नाव आबांनी पाडलेलं. आबा म्हणजे दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात डोळ्याला भिंग लावून बसणारे घड्याळजी. माणसांना नावं ठेवण्यात आणि नावं पाडण्यात त्यांचा हात धरणारं दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ती नवी नवी लागली तेव्हा एका गिऱ्हाइकाने दोन निळ्या डायलची घड्याळं पुढे सरकवून विचारलं, "दोन्ही सारखीच तर दिसतात. फरक काय?" हिने दोन्ही उचलली, काचेच्या दाराशी उजेडात नेऊन धरली आणि म्हणाली, "हा निळा सकाळचा आहे, हा दिवेलागणीचा. तुम्ही घड्याळ जास्त कधी बघता?" गिऱ्हाईक दिवेलागणीचा घेऊन गेलं, आणि आबांनी कोपऱ्यातून हाक मारली, "वा, शेडताई." तेव्हापासून तेच नाव चिकटलं ते चिकटलंच.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि म्हटलं तर लहानपणापासून शिकवलं होतं. तिच्या वडिलांचं शिवणाच्या दोऱ्यांचं दुकान होतं. भिंतभर रिळं. बायका कापडाचा कपटा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "ह्याला जुळणारा द्या." वडील कपटा घेऊन थेट रस्त्यावर जायचे. दिव्याखाली रंग खोटं बोलतो, असं ते म्हणत. शेंदरी आणि नारिंगी यांच्यामध्ये किती रंग राहतात हे तिला पाढे पाठ व्हायच्या आधी कळत होतं. पुढे वडील गेले, दुकान गेलं, लग्न झालं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत लटकलेला. हातभार लागावा म्हणून ती ह्या घड्याळांच्या दुकानात लागली. आधी शोकेस लावायला आणि काचा पुसायला, मग काउंटरवर.

दुकान भारी घड्याळांचं. दार आतून बटण दाबल्याशिवाय उघडत नसे. पूर्वी अशा घड्याळांत रंग फारसा नसायचा. पांढरी डायल, काळी डायल, फार तर चंदेरी. पण हळूहळू रंग शिरला. गर्द निळा, वांगी, तांबूस, पोपटी, पिकल्या मोसंबीच्या सालीचा. आत बसणाऱ्या माणसांचे डोळे कुठे वळतात हे शेडताईला दिसायचं. तोंडाने मागायचे काळं आणि नजर पुन्हा पुन्हा वांग्यावर. "घरी विचारून घेतात ते काळं घेतात," ती आबांना म्हणायची, "आणि स्वतःला विचारून घेतात ते रंगीत."

आबा म्हणायचे, "यंत्र सगळ्यांत तेच. वर रंगाचा हात फिरवला की माणूस वेडा होतो."

"वेडा नाही होत. त्याला वाटतं, हे माझ्यासाठीच बनवलंय."

एक सर्जनबाई आल्या होत्या. आयुष्यभर पांढऱ्या कोटात वावरलेल्या. त्यांनी मोरपिशी डायलचं घड्याळ घेतलं, मनगटावर चढवलं आणि लगेच बाही खाली ओढली. "दिसू नये म्हणून?" शेडताईने विचारलं. "मला माहीत असलं की झालं," त्या म्हणाल्या. असली माणसं शेडताईला फार आवडत.

दुकानातलं सगळ्यांत देखणं घड्याळ मात्र हिरवं होतं. एका कंपनीने आपल्या जुन्या मॉडेलवरून नव्याने काढलेलं. मधोमध शेवाळी हिरवा, आणि कडेकडे जाताना तोच हिरवा काळा होत गेलेला. डायलवर आधी बारीक रेषा ओढून मग रंगाचे थर चढवलेले, त्यामुळे मनगट हललं की मधल्या हिरव्यातून उजेडाची एक पट्टी फिरायची. तिजोरीतून सकाळी ते बाहेर निघालं की शेडताई आधी एकदा दाराशी नेऊन बघायची आणि मगच शोकेसमध्ये ठेवायची.

आणि ते बघायला हिरवेकाका येत.

हेही नाव आबांचंच. काका निवृत्त इंजिनिअर, पूल बांधण्यात उभं आयुष्य गेलेलं. उंच, किंचित वाकलेले, शर्ट कायम इस्त्रीचा. आठवड्यातून एक-दोनदा तरी दुपारी यायचे, खुर्चीवर बसायचे आणि म्हणायचे, "आमचं हिरवं काढा बघू." घेणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आबा त्यांचं रोजचं स्टीलचं घड्याळ वर्षानुवर्षं दुरुस्त करत आले होते, आणि दुपारी दुकानात तसंही कुणी नसायचं. काका आपलं स्टीलचं घड्याळ काढून ट्रेमध्ये ठेवायचे, हिरवं घालायचे आणि बोलायला लागायचे. त्यांच्याकडे ह्याचंच जुनं मॉडेल होतं, पहिला मोठा पूल झाला तेव्हा घेतलेलं. "पण त्याला ही काळी कड नव्हती हं," ते दर वेळी सांगायचे. "कडेपर्यंत एकच हिरवा. मोकळा."

ते घड्याळ आता कुठे आहे, असं तिने एकदा विचारलं होतं. काका जरा थांबले आणि म्हणाले, "मुलीकडे." मग विषय बदलला.

गेल्या काही महिन्यांत मात्र तिच्या काही गोष्टी लक्षात येत होत्या. तीच गोष्ट काका एकाच बैठकीत दोनदा सांगायचे. एकदा दारापर्यंत गेले आणि बाहेर पडायचं की आत यायचं तेच विसरल्यासारखे उभे राहिले. तिने आबांना डोळ्यांनीच खुणावलं. आबांनी मान हलवली. "वय झालं," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात तेवढंच नव्हतं.

ज्या दिवशी हे सगळं घडलं, त्या दुपारी दुकानात नेमकी गर्दी झाली. काका हिरवं घालून बसलेले असताना एक जोडपं शिरलं, त्यांच्या पाठोपाठ पट्टा बदलायला दोघं जण, आणि फोन वाजायला लागला. शेडताई जोडप्याला निळी घड्याळं दाखवायला दुसऱ्या टोकाला गेली. निळं का चंदेरी यावर नवराबायकोची चांगलीच जुंपली. ती परत वळली तेव्हा काकांची खुर्ची रिकामी होती. गेले असतील, तिला वाटलं. दारावरच्या माणसाने ओळखीचा चेहरा बघून बटण दाबलं होतं.

मालक आतल्या केबिनमधून बाहेर आले तेव्हा जोडपं नुकतंच गेलं होतं. मालक तसे वाईट नव्हते. पण वडिलांनी दिलेलं दुकान आपल्या हातून बुडेल ह्या धास्तीत जगणारा माणूस कधी कसा वागेल याचा नेम नसतो. "हिरवं काढून ठेवा," ते म्हणाले. "संध्याकाळी एक गिऱ्हाईक येतंय बघायला. त्यांनी फोनवर पक्कं केलंय जवळजवळ."

शेडताईने शोकेस बघितली. खालचा खण बघितला. ट्रे उचलला. हिरवं नव्हतं.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"बघते."

"बघते म्हणजे?"

तिने काउंटरवरचं पुसायचं मऊ कापड उचललं. कापडाखाली काकांचं स्टीलचं घड्याळ होतं. काचेवर चरा, पट्टा मळलेला. एका क्षणात तिला सगळं कळलं. आपलं घड्याळ हातात आहे असं समजून काका घरी निघून गेले होते. विचार करायच्या आत तिने ते स्टीलचं घड्याळ मुठीत घेतलं आणि ड्रेसच्या खिशात टाकलं.

असं का केलं, हे तिला पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. कारण काउंटरच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर लावलेलं होतं. तिथे मालकांनी कॅमेऱ्यातून काढलेले फोटो चिकटवलेले होते. दुकानातून काही उचलून नेलेल्यांचे. त्यातल्या एका बाईने पट्टा पर्समध्ये टाकला होता आणि पैसे आबांकडे दिले होते, हे नंतर सिद्ध झालं होतं. फोटो मात्र तसाच राहिला. ती बाई अजून त्याच रस्त्याने जायची, पण दुकानाच्या बाजूच्या फुटपाथवरून नाही. त्या भिंतीवर काकांचा इस्त्रीचा शर्ट शेडताईच्या डोळ्यांसमोर आला आणि तिचा हात खिशाकडे गेला.

मालकांनी दार बंद करायला सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. पट्टेवाल्या गिऱ्हाइकांची माफी मागून त्यांना बाहेर काढलं. कॅमेरा बघायला गेले तर काउंटरवरचाच कॅमेरा कधीचा बंद पडलेला. दुरुस्तीवाल्याला बोलवायचं राहून गेलं होतं. मग ते अधिकच भडकले. "बॅगा दाखवा," ते म्हणाले. "सगळ्यांनी. मी माझीही दाखवतो."

झाडलोट करणाऱ्या मावशींची पिशवी आधी उलटी केली. त्यातून डबा, गोळ्यांचं एक पाकीट आणि नातवाचा फाटका मोजा निघाला. मावशी एकेक वस्तू उचलून पुन्हा पिशवीत भरू लागल्या. शेडताईची पर्स झाली. मग मालक म्हणाले, "खिसे."

"खिसे कशाला?"

"ताई, आबांचेसुद्धा बघणार आहे मी."

तिने खिशात हात घातला आणि घड्याळ बाहेर काढलं. दुसरा उपायच नव्हता. मालकांनी ते उलटसुलट करून बघितलं. "हे कुणाचं?"

तेवढ्यात कोपऱ्यातून आबांचा आवाज आला, अगदी कंटाळलेला. "माझ्याकडे दुरुस्तीला आलेलं आहे ते. पट्टा बघायला दिलाय मी ताईंना." आबांनी भिंग डोळ्यावरून काढलंसुद्धा नाही. पण ते घड्याळ कुणाचं हे त्यांनी लांबूनच ओळखलं होतं, आणि ती काय करतेय हेही.

मालकांनी फोन हातात घेतला. "पोलिसांना बोलावतो."

"थांबा," शेडताई म्हणाली. "घड्याळ कुठे आहे ते मला माहीत आहे. मला जाऊन आणू द्या."

"कुठे आहे?"

"ते नाही सांगणार."

मावशींनी पिशवी भरायचं थांबवलं. मालक हलक्या आवाजात म्हणाले, आणि तो हलका आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता, "याचा अर्थ काय होतो, कळतंय तुम्हाला?"

"कळतंय. शटर ओढायच्या आत घड्याळ ट्रेमध्ये नसलं तर पोलिसांना माझं नाव सांगा. माझं घर तुम्हाला ठाऊक आहे. मी कुठे पळून जाणार?"

मालक तिच्याकडे बघत राहिले. पोलीस आले की दारात गाडी उभी राहणार, संध्याकाळचं गिऱ्हाईक ती बघणार, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होता. शेवटी त्यांनी तिची पर्स काउंटरच्या आत ठेवली. "ही इथे राहील. मोबाइल घेऊन जा. मी फोन केला की उचलायचा."

आबांनी पट्ट्याचा एक तुकडा तिच्या हातात दिला, जणू तो आणायलाच ती निघाली होती, आणि मालकांनी काउंटरवर ठेवलेलं स्टीलचं घड्याळही. ते पुटपुटले, "पाण्याच्या टाकीमागची इमारत. सगळ्यात वरचा मजला. मुलगी परत आलीय त्यांच्याकडे राहायला."

ती जवळजवळ धावतच गेली. वाटेत तिला एकच भीती होती, काका घरी पोचलेच नसतील तर. रस्ता विसरलेला म्हातारा माणूस, हातात ते घड्याळ. कोपऱ्यावर घोळका दिसला की ती आत डोकावून बघायची.

दार मुलीने उघडलं. शेडताईच्याच वयाची, केस कसेबसे बांधलेले, डोळे रडून लाल झालेले. पण चेहरा हसरा. हे तिला अपेक्षित नव्हतं.

"तुम्ही घड्याळाच्या दुकानातल्या ना? बाबा सांगतात तुमच्याबद्दल. या ना आत," मुलगी म्हणाली. "आज आमच्याकडे काय झालंय तुम्हाला सांगितलं तर खरं वाटणार नाही."

आत काका आरामखुर्चीत बसले होते, मनगट मांडीवर ठेवून. मनगटावर हिरवं घड्याळ. त्यांनी शेडताईकडे बघून ओळखीचं हसू दिलं.

मुलगी तिला स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेली आणि भरभर बोलू लागली. "मी शिकायला परदेशी निघाले तेव्हा बाबांनी ते घड्याळ मला दिलं. त्यांचा जीव होता त्यात. आणि मी ते हरवलं. टॅक्सीत की विमानतळावर, आजही मला माहीत नाही. त्यांना कधी सांगितलं नाही. दर वेळी मी यायचे तेव्हा म्हणायचे, तिकडेच ठेवलंय. ते काही विचारायचे नाहीत, त्याचंच जास्त वाटायचं. आणि आज बाहेरून आले ते हातात घालून. म्हणाले, सापडलं. म्हणजे ते मी नेलंच नव्हतं. इतकी वर्षं घरातच कुठेतरी पडलं होतं. कळतंय का तुम्हाला?"

शेडताईला कळत होतं. दुकानातून निघताना तिने ठरवलं होतं, एका म्हाताऱ्या माणसाची समजूत काढायची. इथे दोघं होती, आणि दुसरीची समजूत काढायची तयारी तिने केलीच नव्हती. तिने खिशातून स्टीलचं घड्याळ काढलं आणि ओट्यावर ठेवलं.

"हे आमच्या काउंटरवर राहिलं," ती म्हणाली. "काकांच्या हातातलं दुकानाचं आहे."

मुलगी त्या घड्याळाकडे बघत राहिली. हसू हळूहळू गेलं नाही, एकदम पुसलं गेलं. "तुम्ही माझ्या वडिलांना चोर म्हणताय?"

"नाही हो. चोर म्हणायचं असतं तर एकटी आले नसते. विसरून निघून आले ते. बघा, स्वतःचं ठेवून आलेत."

"तुमची चूक झाली असेल. त्यांना आपलं घड्याळ ओळखू येत नाही का? डॉक्टर म्हणाले अजून सुरुवातच आहे."

आवाज चढला होता. बाहेर खुर्ची करकरली. दोघी वळल्या, तोवर काका खोलीत गेले होते, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

मुलगी दाराकडे धावली. "बाबा? बाबा, कडी काढा." मग शेडताईकडे वळून, अगदी दबक्या आवाजात, "बाथरूमची कडी मी काढून टाकलीय. ही राहिली. त्या खोलीला गॅलरी आहे. कठडा जुना आहे, गुडघ्याएवढा."

"बाबा, उघडा ना."

"ते माझं आहे," आतून काका म्हणाले. आवाज चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. "ते परत नाही द्यायचं. आत्ता कुठे सापडलंय."

शेडताईचा फोन वाजला. मालक. तिने तो उचलला. "गिऱ्हाईक लवकर येतंय," मालक म्हणत होते, "निघालेत ते. तुम्ही कुठे—"

"आणतेय," ती म्हणाली आणि बंद केला.

मुलगी दाराला खांदा लावत होती. शेडताईने तिला थांबवलं. दाराला धक्के बसले की आतला माणूस मागे सरकणार, आणि मागे गॅलरी होती. ती दाराशी खाली बसली आणि दुकानात बोलते त्याच आवाजात म्हणाली, "हिरवेकाका, मी शेडताई. आज रंग कसा दिसतोय?"

आतून उत्तर आलं, "छान दिसतोय."

"दिव्यात बघताय की उजेडात?"

"दिवा लावलाय."

"दिव्यात कसा कळणार? तुम्हीच म्हणता ना, दाराशी नेऊन दाखवा म्हणून. खिडकीपाशी जा बरं."

"खिडकीत कुठला उजेड? समोर इमारत बांधून ठेवलीय. असा आराखडा मी पास केला नसता."

आणि गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला. मुलीने शेडताईचा दंड इतका घट्ट धरला की बोटं रुतली. शेडताईला वाटलं, आपणच त्यांना तिकडे पाठवलं. पण आता थांबून चालणार नव्हतं. बोलणं तुटलं की ते एकटे पडणार होते.

"काका, उंबऱ्यातच उभे राहा," ती म्हणाली. "पुढे जायची गरज नाही, तिथेच भरपूर उजेड आहे. दाराच्या चौकटीला एक हात धरा, आणि दुसरा समोर. धरलात?"

"धरला."

"आता मधोमध बघा. कसा आहे?"

"हिरवा."

"आणि कडेला?"

खालच्या रस्त्यावरचा हॉर्न, कुणाचं तरी हसणं, सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. फक्त काका ऐकू येत नव्हते. मुलीचे ओठ हलत होते, पण ती काय पुटपुटत होती ते कळत नव्हतं.

"काळा आहे," काका शेवटी म्हणाले.

"तुमच्या घड्याळाची कड कशी होती?"

"काळी नव्हती. कडेपर्यंत एकच हिरवा होता." आवाज जवळ आला होता, ते दारापर्यंत आले असावेत. "मग हे कुणाचं?"

"दुकानाचं, काका."

"मग माझं कुठंय?"

शेडताईने मुलीकडे बघितलं. मुलीने कपाळ दाराला टेकवलं होतं. "माझ्याकडून हरवलं, बाबा," ती म्हणाली. "खूप वर्षं झाली. तिकडे पोचले तेव्हाच हातात नव्हतं. मी खोटं सांगत राहिले."

शेडताईला वाटलं, आता कडी कधीच निघणार नाही. मग काका म्हणाले, "ते मला माहीत होतं गं. तू आलीस तेव्हा मनगटावर खूणच नव्हती. उन्हात घड्याळ घालणाऱ्याच्या हातावर पट्टा उमटतो." आणि जरा थांबून, "एवढ्यासाठी रडतेस?"

कडी सरकली.

घड्याळ त्यांनी स्वतःच काढलं. बकल उघडायला त्यांना फार वेळ लागला. बोटं पुन्हा पुन्हा घसरत होती. शेडताईचा फोन खिशात परत थरथरायला लागला होता, पण तिने हात पुढे केला नाही. मुलीनेही नाही. घड्याळ हातात पडल्यावर ती फक्त म्हणाली, "येते काका," आणि जिने उतरू लागली.

ती पोचली तेव्हा गिऱ्हाईक चहा पीत बसलं होतं आणि मालक त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. कपाळ घामाने चकाकत होतं. तिने आत जाऊन घड्याळ पुसलं, ट्रेमध्ये ठेवलं आणि पुढे आणलं. गिऱ्हाइकाने ते घातलं, काढलं, परत घातलं, उजेडाची पट्टी फिरवून बघितली. "सुंदरच आहे," ते म्हणाले. "पण घरी विचारतो एकदा." आणि फोनवर विचारून काळं घेऊन गेले.

आबांना कोपऱ्यात ठसका लागला. तो खरा होता की नाही कोण जाणे.

शटर ओढल्यावर मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "कुणाकडे होतं?"

"उजेडात बघायला मीच बाहेर दिलं होतं. ते विसरले, आणि मी त्यांच्याहून जास्त."

"कुणाला दिलं?"

"गिऱ्हाइकाला. नाव लिहायचं तर माझं लिहा."

मालकांनी नोकरीवरून काढलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिला काउंटरवरून हलवलं. मागच्या खोलीत खोकी आवरायची, पावत्या लावायच्या. तिथे खिडकी नव्हती. घरी नवऱ्याने विचारलं, "सांगून का टाकत नाहीस?" ती म्हणाली, "मी सांगितलं तर मग त्यांना त्या रस्त्याने जाता येणार नाही." नवऱ्याने आणखी काही विचारलं नाही, लटकलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी किती बोलायचं हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

पुढे एके दिवशी काकांची मुलगी स्वतःहून दुकानात आली आणि मालकांसमोर बसून तिने सगळं सांगून टाकलं. केबिनचं दार उघडंच होतं, त्यामुळे आबांनी, मावशींनी आणि मागच्या खोलीतून शेडताईने, सगळ्यांनीच ऐकलं. ती गेल्यावर मालक मागे आले. खोक्यांच्या ढिगाशी अवघडून उभे राहिले.

"मला आधीच सांगायचं होतंत."

"तुम्ही ऐकलं असतं?"

काउंटरवर परत या, एवढंच ते म्हणाले. ती म्हणाली, येईन, पण आधी मावशींशी बोला. त्यांची पिशवी तुम्ही सगळ्यांसमोर उलटी केलीत. मालकांना माफी मागायची सवय नव्हती. त्यांनी मावशींना सुट्टी देऊ केली. मावशी म्हणाल्या, "सुट्टी नको, तोंडाने बोला." मग ते तोंडाने बोलले, कसंबसं. त्याच संध्याकाळी भिंतीवरून पट्टेवाल्या बाईचा फोटो निघाला. बाकीचे मात्र आहेत तिथेच आहेत.

काका आता मुलीबरोबर येतात. मुलगी दारावरच्या माणसाला मान लवून नमस्कार करते आणि काकांशेजारीच बसते. हिरवं घड्याळ काही दिवसांनी गेलं. एक तरुण शिक्षिका कर्ज न काढता, थोडंथोडं साठवून आली आणि घेऊन गेली. ते शेडताईनेच विकलं. काकांना काय सांगायचं याची तिला धाकधूक होती. पुढच्या वेळी ते आले, रिकाम्या जागेकडे बघत बसले, आणि मग म्हणाले, "बाकीचे काय काय रंग आहेत तुमच्याकडे?"

तिने अख्खा ट्रे बाहेर काढला. वांगी, तांबूस, मोसंबी, मोरपिशी. काकांनी एकेकावरून बोट फिरवलं आणि मोसंबीवर थांबले. "ह्याला काळी कड नाही," ते म्हणाले. "घालून बघू का?"

"बघा ना," शेडताई म्हणाली, आणि ट्रे दाराच्या बाजूला, उजेडाकडे सरकवला. मुलीने त्यांचं स्टीलचं घड्याळ काढून घेतलं आणि आपल्या मनगटावर बांधलं.